गुन्नार ब्यॉर्नस्ट्रांड : विनोदी नटाच्या अंगावर पाळकाचा झगा

रिळातली_रात्र

परवा घरी पुन्हा एकदा 'द सेव्हन्थ सील' लावला. सोबत भाची होती, यंदाच बारावी झालेली. तिनं दिग्दर्शक इंगमार बर्गमनचं नावही ऐकलेलं नव्हतं. सिनेमा संपल्यावर ती मृत्यूबद्दल बोलली नाही, बुद्धिबळाच्या डावाबद्दलही बोलली नाही. म्हणाली, "मामा, तो केस कापलेला सेवक कोण होता? सगळ्यांत खरा तोच वाटला."

तिच्या त्या एका वाक्यावर हा धागा काढतोय.

तो नट म्हणजे गुन्नार ब्यॉर्नस्ट्रांड. जन्म 13 नोव्हेंबर 1909, स्टॉकहोम. मूळ आडनाव योहान्सन. वडील नट, त्यामुळे रंगभूमी घरातच होती. 1930च्या दशकात तो स्टॉकहोमच्या रॉयल ड्रामॅटिक थिएटरच्या, म्हणजे तिथले लोक ज्याला 'ड्रामाटेन' म्हणतात त्याच्या, नाट्यशाळेत शिकला. त्याच शाळेत त्या काळात इंग्रिड बर्गमन नावाची एक उंच, लाजाळू मुलगी होती. ती वर्षभरात शाळा सोडून सिनेमात गेली आणि पुढे हॉलिवूडला पोचली. हा मात्र मागे राहिला. शाळा संपल्यावर पत्नी लिलीसोबत फिनलंडमधल्या वासा गावी, स्वीडिश भाषेतल्या नाटक मंडळीत काम करत होता. परत आल्यावर मिळेल ते नाटक, मिळेल ती छोटी भूमिका. पडद्यावर लोकांनी त्याला नावानं ओळखायला 1940चं दशक उजाडावं लागलं, तोवर तो तिशी ओलांडून गेला होता.

आपण जागतिक सिनेमावर बोलतो तेव्हा बर्गमनच्या नटांपैकी मॅक्स व्हॉन सिडोचं नाव लगेच निघतं. लिव्ह उलमन, बीबी अँडरसन यांची निघतात. ब्यॉर्नस्ट्रांडचं कुणी काढत नाही. बर्गमनच्या वीसच्या आसपास चित्रपटांत हा माणूस आहे. 1946च्या 'इट रेन्स ऑन अवर लव्ह'पासून 1982च्या 'फॅनी अँड अलेक्झांडर'पर्यंत, छत्तीस वर्षं. माझं म्हणणं असं आहे की बर्गमनचा सिनेमा आज आपल्याला जड वाटत नाही, माणसांचा वाटतो, याचं मोठं श्रेय याला आहे. आणि हे त्याला जमलं, कारण तो मुळात विनोदी नट होता.

'सेव्हन्थ सील'मधलाच एक प्रसंग घ्या. सरदार आणि त्याचा सेवक योन्स घोड्यांवरून चाललेत. वाटेत एक माणूस बसलेला दिसतो. योन्स उतरतो, रस्ता विचारायला त्याच्या खांद्याला हात लावतो, तर ते प्लेगनं मेलेल्या माणसाचं कुजलेलं प्रेत. योन्स काही न बोलता परत येऊन घोड्यावर बसतो. सरदार विचारतो, रस्ता सांगितला का? नीटसा नाही. काय म्हणाला? काही नाही. मुका होता का? तसं नाही म्हणता येणार, बरंच बोलका होता. ब्यॉर्नस्ट्रांड हे सगळं भुवई न हलवता म्हणतो. आवाज चढवत नाही, भीती दाखवत नाही, हसतही नाही. त्या कोरडेपणामुळेच प्रेताची भीती आपल्या पोटात उतरते. ज्याला फार्स करता येतो त्यालाच हे जमतं.

त्याच्या भूमिकांबद्दल ज्यांना काही आठवत असेल त्यांनी लिहा. मला त्याच्यावर नीट, सविस्तर बोलणं व्हावं असं मनापासून वाटतंय.

तिसरी_घंटा

रिळातली_रात्र, फार बरं केलंत. मी तीस वर्षं हौशी रंगभूमीवर आहे, त्यामुळे माझं लिहिणं त्या अंगानं होईल.

त्याच्या विनोदाचं मूळ शोधायचं तर निल्स पोप्पेकडे जावं लागतं. पोप्पे हा स्वीडनचा 1940च्या दशकातला सर्वांत लाडका विनोदी नट. 1948च्या 'सोल्जर बॉम'मध्ये ब्यॉर्नस्ट्रांड त्याच्यासोबत आहे. असल्या लष्करी फार्समध्ये एक नायक धडपडतो, पडतो, लोक हसतात. पण तो पडला की समोर कुणीतरी ताठ उभं असावं लागतं, नाहीतर पडण्याला अर्थ येत नाही. ते ताठ उभं राहणं ब्यॉर्नस्ट्रांडकडे असायचं. आपल्याकडे तालमीत म्हणतात ना, हशा घेणारा एक आणि हशा उभा करून देणारा दुसरा. दुसऱ्याचं काम अवघड. त्यानं चेहरा सांभाळायचा, वाक्य नेमक्या क्षणी टाकायचं आणि टाळी मात्र समोरच्याला द्यायची.

गंमत अशी की 'सेव्हन्थ सील'मध्ये तोच निल्स पोप्पे योफ हा भाबडा डोंबारी झालाय. म्हणजे स्वीडिश प्रेक्षक 1957 साली हा सिनेमा बघायला बसला तेव्हा त्याच्यासमोर दोन ओळखीचे विनोदी चेहरे होते. आपल्याला ते कळत नाही, आपण थेट मध्ययुगात जाऊन बसतो.

आता लिफ्टबद्दल. 1952चा 'वेटिंग विमेन'. नवराबायको समारंभातून रात्री घरी येतात आणि लिफ्ट मधेच अडकते. ब्यॉर्नस्ट्रांड आणि एव्हा डालबेक. तो मोठा उद्योजक, छाती काढून चालणारा, वरून हॅट. रात्रभर त्या डब्यात दोघं. जागा इतकी अरुंद की पाय पसरले तर दुसऱ्याला लागतात. हळूहळू हॅट चेपते, माणूस चेपतो, आणि इतक्या वर्षांत न बोललेलं बोलून होतं. संपूर्ण प्रसंग दोन नटांच्या अंगावर आहे. कॅमेऱ्याला हलायलाही जागा नाही. बर्गमनला स्वतःला विनोद जमेल याची खात्री नव्हती. चित्रपट लागल्यावर थिएटरच्या बाहेर उभा राहून त्यानं आतून येणारा हशा ऐकला, तेव्हा त्याचा विश्वास बसला. पुढचे सगळे विनोदी चित्रपट त्या हशातून आलेत. त्या डब्यात हे दोघं नसते तर काय झालं असतं याचा विचार करा.

गोदाकाठ

दोघांचंही वाचलं. मला मात्र वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

ब्यॉर्नस्ट्रांड चांगला नट आहे, वाद नाही. पण तो बहुतेक वेळा एकच माणूस करतो. सुशिक्षित, थंड, जरा तुसडा, बायकोला टोचून बोलणारा. 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मधला मुलगा एव्हाल्ड, 'द मॅजिशियन'मधला डॉक्टर व्हर्गेरस, 'थ्रू अ ग्लास डार्कली'मधला लेखक बाप. कपडे बदलतात, माणूस तोच. व्हॉन सिडो मात्र सरदार होतो, जादूगार होतो, खेडूत कोळी होतो, आणि प्रत्येक वेळी त्याचं शरीरच बदलतं. त्यामुळे लोकांना तो लक्षात राहिला असेल तर त्यात अन्याय काय?

रिळातली_रात्र

गोदाकाठ, राग कसला? हाच मुद्दा यायला हवा होता.

तुम्ही तीन नावं घेतलीत, तीच घेऊन बोलू. एव्हाल्ड पाऊस पडत असताना गाडीत बायकोशी बोलतो. ती गरोदर आहे, त्याला मूल नकोय. या जगात माणूस जन्माला घालणं त्याला मूर्खपणाचं वाटतं. तिची गरज जगण्याची, निर्माण करण्याची आहे; त्याची गरज मरण्याची आहे, पूर्णपणे मरण्याची, असं तो सांगतो. हे बोलताना त्याच्यात तुसडेपणा नाही. तो बोलून मोकळा होतोय, आणि बोलताना स्वतःच घाबरलाय. शेवटी रात्री बापाच्या खोलीत येतो तेव्हा तोच माणूस किती अवघडलेला आहे बघा. बाप व्हिक्टर शोस्ट्रम, म्हणजे स्वीडिश मूकपटाचा पितामह, वय 78च्या आसपास. त्याच्यासमोर नुसतं उभं राहणंही कठीण.

व्हर्गेरस वेगळा. तो शास्त्रावर विश्वास ठेवणारा वैद्य, त्याला जादूगाराचं शरीर फाडून आत काय आहे ते बघायचंय. माळ्यावरच्या प्रसंगात तो घाबरतो, चष्मा गमावतो, आणि खाली आल्यावर काहीच झालं नाही असं दाखवतो. तो माज आणि ती भीती एकाच चेहऱ्यावर आहेत.

आणि डेव्हिड, 'थ्रू अ ग्लास डार्कली'तला बाप. परदेशातून आलाय, मुलांना भेटी देतो, मग तंबाखू आणायला म्हणून खोलीत जातो आणि तिथे एकटाच हात पसरून रडतो. नंतर डोळे पुसून बाहेर, जेवणाच्या टेबलावर, हसतमुख. मुलगी मानसिक आजारी आहे आणि तो तिच्या आजाराची टिपणं वहीत लिहून ठेवतोय, पुढे कादंबरीला होतील म्हणून. अशा माणसाची आपल्याला किळस यायला हवी. येत नाही. कारण ब्यॉर्नस्ट्रांड त्याची लाज आपल्याला दाखवतो.

तिघं एका वर्गातले आहेत, हे मान्य. एक माणूस नाहीत.

पावसाळी_ढग

मी 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट'च्या बाजूनं उभी आहे! 1955चा. हा माझा सर्वांत आवडता.

वकील फ्रेडरिक एगरमन. मध्यमवयीन, दाढी कोरलेली, दुसरी बायको अगदी कोवळी, आणि लग्नाला दोन वर्षं होऊनही तिला त्यानं स्पर्श केलेला नाही. झोपेत तो नाव घेतो जुन्या प्रेयसीचं, नटी डेझिरेचं. ती पुन्हा एव्हा डालबेकच. तिच्या घरी जाताना तो पाण्याच्या डबक्यात पडतो आणि त्याला घालायला मिळतो तिच्या सध्याच्या प्रियकराचा, सरदार मालकॉमचा, रात्रीचा झगा. तेवढ्यात सरदार दारात! त्या झग्यात उभं राहून वकिलाची प्रतिष्ठा सांभाळणारा ब्यॉर्नस्ट्रांड मी कितीतरी वेळा बघितलाय.

मग शेवटी रशियन रूले. पिस्तूल फिरवून स्वतःच्या कपाळाला लावायचं. आवाज होतो, आपण दचकतो, आणि कळतं की आत काजळी भरलेली होती. काळ्या तोंडाचा वकील. तोवर बायको त्याच्या स्वतःच्या मुलासोबत पळून गेलेली. हे सगळं ऐकायला फार्स आहे, पण त्या काळ्या तोंडावरचे डोळे बघताना मला दरवेळी भरून येतं. सगळं गमावलेला माणूस आहे तो.

या चित्रपटाला 1956 साली कान महोत्सवात काव्यात्म विनोदासाठी पारितोषिक मिळालं आणि बर्गमन जगाला ठाऊक झाला. त्याच यशाच्या बळावर त्याला 'सेव्हन्थ सील' करायला मिळाला. म्हणजे योन्सची वाट एगरमननं करून दिली, असं मी म्हणेन. आणि याच कथेवरून पुढे ब्रॉडवेवर 'अ लिटल नाइट म्युझिक' हे संगीतक झालं, 1973मध्ये.

तिसरी_घंटा

ढगताई, योन्सबद्दल अजून एक. 'सेव्हन्थ सील' आधी एकांकिका होती. बर्गमननं माल्मोच्या नाट्यगृहातल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली, नाव साधारण 'लाकडावरचं चित्र'. त्याची स्वतःची आठवण अशी आहे की विद्यार्थ्यांत जो दिसायला सर्वांत देखणा होता त्याला वाक्य धड म्हणता येईना, म्हणून त्यानं सरदारालाच मुका करून टाकला, शत्रूनं जीभ कापली असं दाखवून. मालक मुका, त्यामुळे बोलणं सगळं सेवकाच्या वाट्याला. चित्रपटात सरदाराला वाचा मिळाली तरी योन्सचं वजन घटलं नाही, त्याचं एक कारण ही जुनी बांधणी असावी. दुसरं कारण ब्यॉर्नस्ट्रांड.

शेवटी मृत्यू दारात येतो तेव्हा सरदार देवाची प्रार्थना करतो. योन्स नाही करत. त्याला गप्प बसायला सांगतात. तो म्हणतो, बसतो गप्प, पण माझा निषेध नोंदवून. हे वाक्य तो हळू म्हणतो. एखादा नट इथे गरजला असता.

स्टॉकहोमकर

मी इथे सोल्ना भागात अकरा वर्षं राहतोय. आज हा धागा बघून फार आनंद झाला, इथल्या माझ्या सहकाऱ्यांतही ब्यॉर्नस्ट्रांडचं नाव काढणारा क्वचित भेटतो.

सोल्नामध्येच रोसुंदाला 'फिल्मस्टाडेन', म्हणजे चित्रनगरी होती, स्वेन्स्क फिल्मइंडस्ट्री या कंपनीची. 'सेव्हन्थ सील'चा बहुतेक भाग तिथेच झाला. पस्तीस दिवसांत चित्रण आटोपलं म्हणतात. समुद्राकाठचे प्रसंग खाली दक्षिणेत, स्कोने प्रांतातल्या होव्स हाल्लारला. आता चित्रनगरीच्या जागी वस्ती झाली आहे, काही जुन्या इमारती जपून ठेवल्यात. संध्याकाळी मी मुलाला तिथे सायकल शिकवायला नेतो. माझ्या मनात दरवेळी येतं, याच आवारात ब्यॉर्नस्ट्रांड डोक्यावरचे केस कापून बसला असेल.

तो शेवटचा, टेकडीवरचा मृत्यूचा नाच सगळ्यांना पाठ आहे. त्याची कथा अशी की दिवसाचं काम संपलं होतं, बरेचसे नट निघून गेले होते, आणि अचानक आकाशात हवा तसा ढग आला. मग सहाय्यक, विजेचं काम करणारे आणि उन्हाळी सुट्टीला आलेले एकदोन प्रवासी यांच्या अंगावर पोशाख चढवले आणि काही मिनिटांत तो शॉट घेतला. त्यामुळे जगभर पोस्टरवर जाऊन पोचलेल्या त्या आकृत्यांत योन्सच्या कपड्यात नेमका कोण नाचतोय, हे सांगता येत नाही. मला याचं वाईट वाटतं खरं.

इथल्या सिनेमाची परिस्थितीही लक्षात घ्या. 1951मध्ये करमणूक कराच्या विरोधात निर्मात्यांनी चित्रपट काढणंच बंद ठेवलं होतं. नटांना काम नव्हतं. त्यानंतर 1956मध्ये टीव्ही आला. त्या साली देशात सुमारे 8 कोटी तिकिटं विकली गेली होती, 1963पर्यंत ती निम्म्यावर आली. हा माणूस या सगळ्यातून काम करत राहिला. फार्स, रेडिओ, रंगमंच, टीव्ही, आलेलं काम परत पाठवलं नाही. एकट्या बर्गमनचाच नट असं त्याला म्हणू नये. मै सेटरलिंगच्या 'लव्हिंग कपल्स' आणि 'द गर्ल्स'मध्ये तो आहे, यान ट्रोएलच्या 'हिअर इज युवर लाइफ'मध्ये गावोगाव सिनेमा दाखवणारा मालक आहे.

गोदाकाठ

स्टॉकहोमकर, ट्रोएलचा चित्रपट मी बघितलाय आणि तो मालक आठवतोय, पण तो हा होता हे आज कळलं. इथे मला माझं वाक्य थोडं मागे घ्यावं लागेल. ओळखू आला नाही, म्हणजे तो वेगळा माणूस झाला होता.

तरी 'विंटर लाइट' कुणीच काढला नाही अजून?

नगरी

मी बरेच दिवस फक्त वाचत होतो. 'विंटर लाइट'चं नाव निघालं म्हणून लिहितो.

आमचं घर अहमदनगरचं, आता अहिल्यानगर. चार पिढ्या ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट. माझे आजोबा पाळक होते. स्वीडनमधली मंडळी लूथरन आहे, आमची वेगळी, पण हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भाषांतराची पाटी वाचायची गरज पडली नाही. सुरुवातीचा प्रभुभोजनाचा विधी ओळखीचा होता. भाकर, प्याला, गुडघे टेकलेली माणसं. मंदिरात माणसं मोजकी, जेमतेम हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. आम्ही चर्चला मंदिरच म्हणतो.

पाळक टोमास एरिकसन म्हणजे ब्यॉर्नस्ट्रांड. 1963चा चित्रपट, 81 मिनिटांचा, नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी बारा ते तीन एवढ्या वेळेत घडणारा. पाळकाला सर्दीताप आहे. बायको वारलीय. देवावरचा विश्वास उडालाय, पण झगा अंगावर आहे आणि तीन वाजता दुसऱ्या गावी उपासना घ्यायचीय. एक कोळी येतो, योनास, चीनच्या अणुबॉम्बच्या बातमीनं खचलेला. त्याला धीर द्यायचा, तर पाळक स्वतःच्याच शंका सांगत बसतो. योनास जातो आणि स्वतःला गोळी घालून घेतो. योनास व्हॉन सिडो आहे. म्हणजे ज्या दोघांची वर तुलना झाली ते समोरासमोर. व्हॉन सिडो जवळपास काही बोलत नाही, सगळं ब्यॉर्नस्ट्रांड बोलतो, आणि बोलता बोलता बुडत जातो.

आजोबा म्हणायचे, पाळकाची खरी परीक्षा भरलेल्या मंदिरात होत नाही. पावसाळ्यात तीन म्हाताऱ्या आल्या असतानाही तेच शब्द त्याच आवाजात म्हणता येतात का, तिथे होते. ब्यॉर्नस्ट्रांडनं विधीचे शब्द कसे म्हटलेत ते ऐका. पाठ आहेत, जिभेवर गुळगुळीत झालेत, आणि मधेच खोकला येतो. त्या खोकल्यानं विधीचा कागद फाटतो आणि आतला माणूस दिसतो. मी अशा रविवारी समोरच्या बाकावर बसलोय, म्हणून सांगतो, हे खोटं नाही.

शेवटी ख्रिस्तमंदिराचा कुबड आलेला सेवक फ्रोविक त्याला विचारतो. ख्रिस्ताच्या शरीराला चार तास यातना झाल्या असतील, पण खरी यातना ती नव्हे. शिष्य पळून गेले, आणि वधस्तंभावर तो ओरडला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्या क्षणी देव गप्प होता, ती खरी यातना नव्हे का? पाळक ऐकतो. हो म्हणतो. एवढंच. पण त्या 'हो'च्या आधी त्याचा चेहरा ज्या पद्धतीनं वर येतो, तो मी विसरू शकत नाही. मग रिकाम्या मंदिरात तो उभा राहतो आणि उपासना सुरू करतो, पवित्र, पवित्र, पवित्र.

त्याचा विश्वास परत आला का? आमच्या घरात यावर दोन तट आहेत. आईच्या मते आला. माझ्या मते तो फक्त कामाला उभा राहिला, आणि मला ते जास्त मोठं वाटतं.

पावसाळी_ढग

नगरीदादा, हे वाचून मी थोडा वेळ काही टाइप करू शकले नाही. तुम्ही लिहीत जा हो.

मला त्यातला शाळेच्या वर्गातला प्रसंग बघवत नाही. मार्ता, गावातली शिक्षिका, त्याच्यावर जीव लावून आहे. इंग्रिड थुलिन. आधी तिचं पत्र आहे, ती थेट कॅमेऱ्यात बघून कितीतरी मिनिटं बोलते. आणि मग वर्गात बाकावर बसून तो तिला सांगतो की तुझी काळजी, तुझा इसब, तुझा चष्मा, तुझं ते लाडानं बोलणं, सगळ्याचा मला वीट आलाय. इतकं निर्दय बोलणं. आणि बोलून झाल्यावर दाराशी थांबून तिलाच विचारतो, येतेस का माझ्यासोबत? हे एका श्वासात करायचं म्हणजे प्रेक्षकानं तुमचा द्वेष करणं पत्करायचं. लोकांना हसवण्यात आयुष्य घालवलेल्या नटाला ते किती जड गेलं असेल.

रिळातली_रात्र

जड गेलंच. चित्रणाच्या काळात त्याची तब्येत बरी नव्हती. दिग्दर्शक व्हिल्गट शोमन तेव्हा सेटवर होता, त्यानं या चित्रपटाच्या निर्मितीवर टीव्हीसाठी मालिका केली आणि रोजनिशीचं पुस्तकही लिहिलं. बर्गमन आणि छायालेखक स्वेन निक्व्हिस्ट दालार्ना भागातल्या चर्चमध्ये दिवसभर बसून प्रकाश कसा बदलतो ते बघत राहिले होते, सावली पडू द्यायची नाही असं ठरवून. त्या सपाट, राखी उजेडात चेहऱ्याला लपायला जागा राहत नाही. रंगभूषेनं झाकता येत नाही, प्रकाशानं सजवता येत नाही. त्यामुळे त्याचा थकवा जसा होता तसा पडद्यावर आला.

नगरी, तुमच्या प्रतिसादासाठी मनापासून आभार. मी हा चित्रपट इतक्या वेळा बघूनही त्या खोकल्याकडे असं पाहिलं नव्हतं. आणि मी सुरुवातीला जे लिहिलं त्याला तो खोकला फार जवळचा आहे. विनोदी नटाला ठाऊक असतं की शरीर नेमकं नको तेव्हा दगा देतं, झगा पायात येतो, माणूस डबक्यात पडतो. एगरमनचं डबकं आणि पाळकाचा खोकला एकाच जागेवरून आलेत. प्रतिष्ठेचा पोशाख घातलेला माणूस, आणि आतून त्याला हसं करणारं शरीर. एकदा आपण हसतो, एकदा नाही.

तिसरी_घंटा

हे पटलं. 'सॉडस्ट अँड टिन्सल'मध्ये (1953) तो उलट्या बाजूला आहे, तेही बघा. नाटक कंपनीचा मालक शुबेरी, मखमली कपड्यात. सर्कसवाला अल्बर्ट पोशाख उसने मागायला येतो. हा त्याला सांगतो, आम्ही तुमचा अपमान करतो कारण तुम्ही तो सोसता. तुम्ही गाड्यांत राहता, आम्ही घाणेरड्या हॉटेलांत. आम्ही कला करतो, तुम्ही कसरत. दोन मिनिटांची भूमिका म्हणा हवं तर, पण रंगभूमीवरचा जातिभेद एवढ्या नेमकेपणानं मी दुसरीकडे ऐकला नाही. वर्षानुवर्षं फार्समध्ये लोकांनी त्याला हलका नट मानलं असेल, ते सगळं त्यानं तिथे उलटवून वापरलंय असं मला वाटतं.

स्टॉकहोमकर

कुणी 'फॅनी अँड अलेक्झांडर'च्या निर्मितीवरचा माहितीपट बघितलाय का? बर्गमननं स्वतःच केलेला. त्यात ब्यॉर्नस्ट्रांडचा एक लांब भाग आहे. तो सत्तरीपार, आजारी, स्मरणशक्ती साथ देत नव्हती. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधलं विदूषकाचं शेवटचं गाणं त्याला म्हणायचंय, पावसाचं. पुन्हा पुन्हा शब्द निसटतात. पुन्हा पहिल्यापासून. बर्गमन हळू आवाजात धीर देतो. माझ्या वडिलांची शेवटची दोन वर्षं अशीच गेली, त्यामुळे मला तो भाग एका बैठकीत बघता आला नाही. पण तो बघायला हवा. शब्द गेले तरी अंगातली लय गेलेली नाही, हात बरोबर जागेवर उठतो, मान बरोबर वळते. मग एकदा गाणं पूर्ण होतं.

तो 26 मे 1986 रोजी स्टॉकहोममध्ये गेला.

वाचनमात्र

पूर्ण धागा वाचला. आजवर त्याचा एकही चित्रपट बघितलेला नाही. घरी आई (वय 74) आणि मी असे दोघं बघणार. कुठून सुरू करू?

पावसाळी_ढग

आईसोबत 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट'! नक्की. मग 'वेटिंग विमेन'मधली लिफ्ट. 'विंटर लाइट' एकट्यानं बघा, भर दुपारी.

नगरी

माझं मत, 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'. आईंना तो म्हातारा आवडेल, आणि तुम्हाला मुलगा.

रिळातली_रात्र

दोन्ही सल्ले चांगले आहेत.

धागा सुरू केला तेव्हा इंग्रिड बर्गमनचा उल्लेख केला होता, त्यावरून काल रात्री 'ऑटम सोनाटा' काढून बसलो. 1978चा. ती जगप्रसिद्ध पियानोवादक शार्लोट, मुलीशी रात्रभर भांडून, आपल्या आजारी धाकट्या मुलीला टाकून निघालेली. आगगाडीच्या डब्यात समोर तिचा व्यवस्थापक पॉल बसलाय. ती त्याच्याशी बोलत राहते, स्वतःचं समर्थन करत राहते, मधेच विचारते की ती आजारी पोर मरत का नाही. तो पॉल म्हणजे ब्यॉर्नस्ट्रांड. छोटीशी भूमिका आहे, बोलते ती, हा ऐकतो.

एके काळी स्टॉकहोमच्या नाट्यशाळेत हे दोघं विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते. मधे चाळीसहून अधिक वर्षं गेली. ती सगळं जग फिरून आली, मोठ्या पडद्यासाठीचा तिचा हा शेवटचा चित्रपट. आणि हा समोर बसून तिच्याकडे बघतोय, ना दोष देत, ना सांत्वन करत. भाचीला तेवढाच प्रसंग दाखवला. तिनं मागे नेऊन पुन्हा लावला आणि या वेळी आवाज बंद करून फक्त त्याच्याकडे बघत बसली.